पहिला हंडा कुणाचा? : टंचाई, महापूर आणि घरच्या पाण्याविषयीचे लोकमत



लातूरच्या पाण्याच्या रेल्वेविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. मला तिच्याविषयी फक्त एक भागाकार करायचा आहे. 11 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून दहा वाघिणींची गाडी निघाली आणि सुमारे 340 किलोमीटर अंतर कापून दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. तिच्यात साधारण पाच लाख लिटर पाणी होते. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या होती सुमारे तीन लाख 83 हजार. म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास, एक तांब्याभर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, तिचे पंचवीस लाख लिटर सगळ्या शहरावर वाटले तर माणशी साडेसहा लिटर होतात. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी जगभर मानला जाणारा ‘स्फिअर’ निकष माणशी रोज पंधरा लिटर सांगतो, आणि आपल्याच राज्यात गावांना टँकरने पाणी देताना माणशी वीस लिटर धरले जातात. नुसत्या आकड्यांनी पाहिले तर ती रेल्वे शहराची तहान भागवू शकत नव्हती. तरीही तिचे लातुरात स्वागत झाले आणि ऑगस्टपर्यंत ती येत राहिली. बाहेरून पाहणारे कुणी तिला देखावा म्हणाले, कुणी सरकारची कार्यक्षमता. माझ्या मते दोन्ही वर्णनांत मुख्य गोष्ट निसटते. लातूरकरांना कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच पाण्याबद्दल तीन गोष्टी ठामपणे कळल्या होत्या: ते कुठून येते आहे, कधी येणार आहे आणि किती येणार आहे.

आज मला जे मांडायचे आहे ते यातूनच निघते. आपत्तीच्या काळात घरात येणाऱ्या पाण्याविषयी लोकांचे जे मत बनते, ते पाणी किती मिळाले यापेक्षा ते कोणत्या नियमाने मिळाले, यावर जास्त बनते. कमी पाणी माणसे सोसतात. आपल्याला कमी आणि शेजारच्या वस्तीला जास्त, हे सोसत नाहीत. आणि आपल्याला नक्की किती आणि कधी मिळणार हेच ठाऊक नसणे तर मुळीच सोसत नाहीत. आपले प्रशासन मात्र लिटर मोजते, टँकरच्या खेपा मोजते, आणि दोन्ही आकडे वाढले की काम झाले असे धरून चालते. लोकांच्या मनात चाललेला हिशेब आणि कार्यालयातला हिशेब वेगवेगळ्या वह्यांत चालतात. दर उन्हाळ्यात आणि दर महापुरात जी भांडणे होतात, त्यांतली बरीचशी या दोन वह्यांमधली आहेत.

लोकांचे मत ओळखायचे कसे, असा प्रश्न कुणी विचारील. सर्वेक्षणे होतात, पण ती बहुधा पाण्याचा स्रोत विचारतात: नळ, हातपंप, विहीर की बोअर. भरवसा किती, हे क्वचित विचारतात. म्हणून मी वागण्याकडे पाहतो. लोक घरात किती पिंपे भरून ठेवतात, रांग कुठे लावतात, हंडे घेऊन मोर्चा कोणत्या दिवशी काढतात, टँकर आल्यावर धावतात की थांबतात, यावरून मत कळते. प्रश्नावलीच्या उत्तरापेक्षा या गोष्टी जास्त खऱ्या, कारण त्यांच्यासाठी लोक झोप, मजुरी आणि कधी शाळाही सोडतात.

पुन्हा लातूर पाहू. रेल्वे यायच्या आधी, मार्च 2016 मध्ये, जिल्हा प्रशासनाने शहरातील पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली जमावबंदी लावली. पाण्यापाशी पाचाहून अधिक माणसे जमू नयेत, असा हुकूम. त्या वेळी देशभर त्याची बातमी झाली आणि बहुतेकांनी त्यातून ‘पाण्यासाठी दंगल’ एवढेच वाचले. पण गर्दी कुठे होत होती ते पाहा. ती टँकर जिथे भरतो तिथे होत होती, म्हणजे टँकर जिथे रिकामा होणार त्याच्याही आधीच्या टप्प्यावर. आपल्या गल्लीत टँकर नक्की येणार, अमुक वारी येणार, असा ज्याला विश्वास आहे तो भरण्याच्या जागी कशाला जाईल? तो दाराशी हंडे मांडून बसेल. उगमापाशी जाऊन उभे राहणे हा वाटपाच्या यादीवरचा अविश्वास आहे. मांजरा धरण आटल्यामुळे पाणी संपले होते हे खरे, पण त्या गर्दीला धरणाइतकेच त्या न दिसणाऱ्या यादीनेही जन्म दिला. जमावबंदीचा हुकूम काढणारे अधिकारी दुष्ट होते असे मी म्हणत नाही. टँकर सुरक्षित भरला जावा एवढाच त्यांचा हेतू असणार. पण त्याच हुकुमासोबत प्रत्येक प्रभागाच्या टँकरचे वेळापत्रक चौकाचौकांत लावले गेले असते, तर बंदोबस्ताचे निम्मे काम कागदाने केले असते, असे मला वाटते.

महाराष्ट्राला वाटपाचा हा प्रश्न नवा नाही. महाडच्या चवदार तळ्यात 1927 मध्ये पाण्याची टंचाई नव्हती. तळे भरलेले होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथे जाऊन पाणी प्यावे लागले, आणि त्या तळ्यावरच्या हक्काच्या दाव्याचा न्यायालयातला शेवटचा निकाल लागायला 1937 उजाडले. पाणी पुरेसे असताना जो प्रश्न ‘कुणी भरायचे’ हा होता, तो पाणी आटल्यावर ‘आधी कुणी भरायचे’ असा होतो. टँकर गावच्या विहिरीत ओतला जातो, मग पोहरे पडतात, आणि पहिल्या अर्ध्या तासात ज्यांची घरे विहिरीजवळ आहेत किंवा ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांचे पाणी भरून होते. माणशी वीस लिटर हा निकष कागदावर पाळला गेलेला असतो, कारण टँकर पूर्ण रिकामा झालेला असतो. वाडीच्या टोकाच्या घरात चार लिटर पोहोचले की चाळीस, हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

उलट बाजूचा पुरावाही इथलाच आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. तो शेतीच्या पाण्याचा होता, घरच्या नव्हे, हे मला मान्य आहे. पण त्यातला नियम पाहण्यासारखा आहे: पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने न देता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येने द्यायचा, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि ऊस लावायचा नाही. ऊसवाल्या महाराष्ट्रात ही अट मान्य करणारे शेतकरी निघाले. त्यांनी ती मान्य केली कारण नियम आधी ठरला होता, सर्वांसमोर ठरला होता आणि सर्वांना लागू होता. शेताच्या पाण्यात, जिथे पैशाचा थेट लोभ आहे, तिथे जे जमले ते पिण्याच्या पाण्यात जमणार नाही, असे म्हणणाऱ्याने त्याचे कारण सांगायला हवे.

कारण सांगितले जाते. लोक उधळे आहेत, असे ते कारण असते. काल भरलेले पाणी सकाळी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओततात, नळाला मोटार लावून शेजाऱ्याचे पाणी ओढतात, टाक्या भरून वाहतात तरी कॉक बंद करत नाहीत. हे सगळे घडते. पण ते का घडते याचा विचार नळाच्या वेळापत्रकापासून सुरू करावा लागतो. जिथे पाणी दिवसाआड येते आणि त्याची वेळही व्हॉल्व्हमनच्या मर्जीवर असते, तिथे प्रत्येक घर आपल्यापुरते एक छोटे धरण बांधते. पिंप, बॅरल, तळटाकी, गच्चीवरची टाकी. नवे पाणी येणार हे दिसल्यावर जुने ओतून देणे आणि येणार नाही या भीतीने गरजेपेक्षा जास्त भरून ठेवणे, ही दोन्ही अनिश्चिततेचीच वागणूक आहे. मारी-एलेन झेरा या संशोधिकेने दिल्लीतल्या बेभरवशाच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करताना हेच दाखवले, की घराघराने टाक्या, पंप आणि बोअर यांवर केलेला खर्च हा बेभरवशाचा लोकांनी भरलेला करच असतो. नळाला लावलेली मोटार ही लबाडी खरीच. पण तिचा मालक तुम्हाला एक गोष्ट सांगतो आहे: रांगेत थांबलो तर मला मिळेल, यावर माझा विश्वास नाही.

मुंबईच्या कपातीचे उदाहरण घ्या. सात तलावांवर जगणाऱ्या या शहरात पाऊस लांबला की महापालिका पाच टक्के, दहा टक्के अशी कपात जाहीर करते. 2024 मध्ये 30 मेपासून पाच आणि 5 जूनपासून दहा टक्के कपात होती. दहा टक्के हा शब्द कानाला फार समतेचा वाटतो. प्रत्यक्षात कपात म्हणजे पाण्याचा दाब कमी होणे किंवा पुरवठ्याची मिनिटे कमी होणे. ज्या इमारतीला मोठी तळटाकी आहे, तिची टाकी थोडी उशिरा भरते, आणि चौथ्या मजल्यावरच्या शॉवरला त्याचा पत्ताही लागत नाही. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला, टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत, सामायिक नळाची धार आधीच करंगळीएवढी असते. तिथे दाब दहा टक्के कमी झाला की पाणी दहा टक्के कमी होत नाही, कधी कधी ते चढतच नाही. आकडा सगळ्यांना एकच सांगितला आणि अनुभव वेगवेगळा आला, की लोक आकड्यावरचा विश्वास सोडतात. पुढच्या वर्षी खरोखर वीस टक्के वाचवा म्हटले, तर ऐकणार कोण?

आता महापुराकडे वळतो, कारण तिथे माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा आहे. दुष्काळ हळूहळू येतो, त्यात दोष कुणाला तरी देता येतो. महापूर एका रात्रीत येतो, आणि सुरुवातीचे काही दिवस माणसे एकमेकांना धरून असतात. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेली. कोल्हापुरात पंचगंगेच्या पुरात शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी ही उपसा केंद्रे बुडाली आणि शहराचे नळ बंद पडले. चारी बाजूंना पाणी आणि घरात प्यायला नाही, अशी अवस्था. पंप पाण्याखाली, वीज बंद, आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आल्यामुळे बाहेरून टँकर येणेही दुरापास्त. दुष्काळात आपला सगळा भरवसा ज्या वाहनावर असतो, ते वाहनच महापुरात निरुपयोगी ठरते. पाणी ओसरल्यावर राज्यभरातून मदत आली आणि तिच्यात बाटलीबंद पाण्याची खोकी मोठ्या संख्येने होती. देणाऱ्यांच्या भावनेला माझा नमस्कार. पण पूर ओसरलेल्या घरात गुडघाभर गाळ असतो, आणि एक लिटरच्या बाटलीने तो निघत नाही. आपल्याकडे प्रत्येक घरात बाई पाण्याची दोन खाती ठेवते, पिण्याचे आणि वापराचे. मदत पाठवणारे आणि योजना आखणारे, बहुतेक पुरुष, फक्त पहिले खाते पाहतात. भांडी, कपडे, लहान मुलांचे धुणे, पाळीच्या दिवसांतली स्वच्छता, संडास, हे सगळे दुसऱ्या खात्यात येते, आणि पुरानंतर साथीचे रोग त्याच खात्यातून घरात शिरतात.

पुण्याने हे 1961 मध्ये पाहिले आहे. 12 जुलैला पानशेत फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरण फुटले, आणि पूर ओसरला तेव्हा शहराच्या नळाचा उगमच नाहीसा झालेला होता. शहर पुन्हा वळले ते वाड्यांतल्या विहिरींकडे आणि पेशवेकाळात कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या हौदांकडे. नव्या व्यवस्थेने अडगळीत टाकलेले जुने स्रोत ऐन वेळी कामाला आले, कारण ते विजेवर चालत नव्हते आणि ते कुठे आहेत हे पेठेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. गेल्या साठ वर्षांत त्या विहिरींपैकी कितीतरी बुजवून त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या. आज पेठेतल्या तरुणाला जवळची वापरात असलेली विहीर विचारा आणि उत्तराची वाट पाहा.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत जड आक्षेप असा: खरी परिस्थिती उघड सांगितली की घबराट माजते. इतके दिवसांचेच पाणी उरले आहे असे जाहीर केले, तर लोक त्याच दिवशी दुप्पट भरून ठेवतील. या आक्षेपाला केपटाउनने दिलेले उत्तर गुंतागुंतीचे आहे, म्हणून ते पूर्ण सांगतो. तीन वर्षे पाऊस कमी झाल्यावर जानेवारी 2018 मध्ये तिथल्या महापौर पॅट्रिशिया द लिल यांनी नळ बंद होण्याचा दिवस जवळ आल्याचे जाहीर केले. त्याला ‘डे झीरो’ नाव पडले. 1 फेब्रुवारीपासून माणशी पन्नास लिटरची मर्यादा आली, आणि तो दिवस उजाडलाच तर शहरातल्या सुमारे दोनशे केंद्रांवर माणशी पंचवीस लिटर देण्याची योजना छापली गेली. (जाता जाता: त्यांची ती संकटातली मर्यादा आणि आपल्या जल जीवन मिशनने गावांसाठी ठेवलेले माणशी 55 लिटरचे उद्दिष्ट यांत फक्त पाच लिटरचे अंतर आहे.) घबराट झाली का? झाली. दुकानांतल्या बाटल्या संपल्या, न्यूलँड्सच्या झऱ्यावर रांगा लागल्या, तिथे बंदोबस्त ठेवावा लागला. पण 2015 मध्ये रोज सुमारे 120 कोटी लिटर पाणी वापरणारे ते शहर 2018 च्या सुरुवातीला पन्नास कोटींच्या जवळ आले, आणि नळ बंद करावे लागले नाहीत. शेतकऱ्यांच्या एका संस्थेने आपल्या साठ्यातले सुमारे हजार कोटी लिटर शहराकडे सोडले, पुढे पाऊसही झाला, हे सोडून चालणार नाही. नंतर पुष्कळ जण म्हणाले की आम्हाला उगाच घाबरवले. या सगळ्यातून मी एवढेच घेतो: घबराट काही आठवडे टिकली, बचत कितीतरी महिने टिकली. धरणाची पातळी आणि शहराचा वापर हे आकडे नियमित प्रसिद्ध होत होते, त्यामुळे माणसाला आपल्या बादलीचा धरणाशी असलेला संबंध दिसत होता. आणि जिथे ही योजना रोषाला कारण झाली, तिथेही कारण तेच, वाटपाचे. झोपडवस्त्या शहराच्या पाण्यापैकी सुमारे चार टक्केच वापरत होत्या, तिथे लोक आधीपासूनच सामायिक नळावर रांगेत होते, आणि श्रीमंत वस्त्यांत घरोघर बोअर खणले जात होते. घबराट माहितीने होते असे आपण समजतो. अर्धवट माहितीने होते, असे म्हणणे जास्त योग्य.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे. सरकारने कशाला धावायचे, खाजगी टँकर आहेत, पाण्याला किंमत आली की लोक आपोआप जपून वापरतील. किमतीने वापर कमी होतो हे खरे, पण तो सर्वांत आधी कुणाचा कमी होतो? टँकर एकदम घेतला तर स्वस्त पडतो, पण तो उतरवून घ्यायला तळटाकी लागते. ज्याच्याकडे टाकी नाही तो तेच पाणी हंड्याच्या भावाने कितीतरी महाग घेतो. शिवाय टँकरवाला पाणी निर्माण करत नाही, ते कुणाच्या तरी विहिरीतून, बोअरमधून उपसतो. टंचाईत खाजगी विहीर अधिग्रहित करण्याचे अधिकार आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना आहेत आणि ते दरवर्षी वापरले जातात, विहीरमालकाला मोबदलाही मिळतो. म्हणजे संकटात पाणी ही खाजगी वस्तू राहत नाही, हे तत्त्व शासनाने केव्हाच मान्य केले आहे. ते विहिरीपर्यंत मान्य करायचे आणि टँकरच्या तोटीपाशी सोडून द्यायचे, याला तर्क नाही. लोकांनाही तो दिसत नाही. संकटात नियम सर्वांना सारखा हवा, ही त्यांची अपेक्षा आणखी एका प्रसंगात दिसली: एप्रिल 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे महिनाअखेरनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. मैदानावर वाचलेले पाणी मराठवाड्याच्या नळात येणार नव्हते, हे टीकाकारांचे म्हणणे अगदी बरोबर होते. तरी त्या निर्णयाला जो पाठिंबा मिळाला तो अडाणीपणाचा नव्हता. कुणालाच सूट नाही, एवढे पाहण्याची लोकांची इच्छा त्यात होती.

तिसरे म्हणणे मला अधिक जवळचे वाटते: प्रत्येक घराने आपली तयारी ठेवावी. तीन दिवसांचे पिण्याचे पाणी झाकून ठेवणे, क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरची बाटली घरात असणे, पूरप्रवण भागात पिण्याचा साठा वरच्या मजल्यावर हलवणे, हे करायलाच हवे. पण एका खोलीत सहा माणसे राहतात तिथे पिण्याचे आणि वापराचे मिळून माणशी पंधरा लिटरप्रमाणे तीन दिवसांचा साठा म्हणजे 270 लिटर होतात. पिंप ठेवायचे की अंथरूण घालायचे? तयारी ठेवा असा उपदेश ज्याच्याकडे जागा आहे त्यालाच लागू पडतो. म्हणून घराच्या साठ्याला वस्तीच्या साठ्याची जोड हवी, आणि ती कुठे आहे हे पूर्वीच्या हौदांसारखे सर्वांना माहीत हवे.

यासाठी नवे खाते, नवा कायदा लागत नाही. ग्रामीण महाराष्ट्रात टंचाई कृती आराखडा दरवर्षी होतो, ऑक्टोबर ते जून अशा तीन टप्प्यांत. कोणत्या गावात किती टँकर, कोणती विहीर अधिग्रहित करायची, कोणती विंधन विहीर दुरुस्त करायची, हे सगळे त्यात गावनिहाय लिहिलेले असते. तो तहसीलमधून जिल्ह्याकडे जातो आणि मंजूर होतो. ज्याच्यासाठी तो केला, त्या घराच्या हातात मात्र त्यातली एकही ओळ पडत नाही. आराखडा ग्रामसभेत वाचला जावा. टँकर विहिरीत न ओतता तोट्या असलेल्या टाकीत उतरवावा. भरण्याचा क्रम वाडीवार ठरवून दर आठवड्याला फिरता ठेवावा, म्हणजे आज शेवटी असलेली वाडी पुढच्या आठवड्यात पहिली येईल. गावच्या जलसुरक्षकाने केलेल्या ओटी टेस्टचा, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनच्या तपासणीचा, निकाल टाकीवरच खडूने लिहावा. स्फिअर निकषांत पाण्याच्या लिटरांबरोबरच नळापर्यंतचे अंतर पाचशे मीटरच्या आत आणि रांगेतला वेळ अर्ध्या तासाच्या आत असावा असेही म्हटले आहे. आपल्या आराखड्यात या दोन गोष्टींचे रकाने नाहीत, ते घालायला फार तर एक परिपत्रक लागेल. शहरांत तर एवढाही आराखडा घरापर्यंत येत नाही. तिथे पाणीपट्टीच्या बिलावर त्या प्रभागाचे आपत्कालीन पाणी-केंद्र, विजेशिवाय चालणारे जवळचे स्रोत आणि कपातीच्या काळातली पुरवठ्याची वेळ छापता येईल. यात अडचण येईल ती मनुष्यबळाची आणि त्याहून अधिक संकोचाची, कारण छापलेली वेळ चुकली की लोक कागद घेऊन येतील. त्यांनी यावे, हाच तर उद्देश आहे. येत्या ऑक्टोबरमध्ये पुढचा आराखडा तयार होईल तेव्हा तो मंजुरीला जाण्याआधी ग्रामसभेपुढे आणि प्रभागापुढे मांडा, अशी मागणी या सभागृहातल्या प्रत्येकाला आपापल्या गावी आणि पालिकेत करता येईल. त्यासाठी पाणी आटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.